८४ पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट परत आला, आता मांडणी कशी करू?

गावभागकर

नमस्कार. मी सांगलीत इंजिनिअरिंगला, ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा ग्रुप आहे. काल गाईड सरांनी आमचा ८४ पानांचा रिपोर्ट परत दिला. पहिल्या पानावर पेन्सिलनं एवढंच लिहिलंय, "यात तुमचं काय?" सबमिशनला बारा दिवस राहिलेत आणि कुठनं सुरुवात करावी तेच कळंना झालंय.

आधी प्रोजेक्ट सांगतो. आमचं घर सांगलीतल्या गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी दहावीत होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. आम्ही सगळे पुलाकडं लक्ष ठेवून होतो, पण पाणी आलं ते मागच्या नाल्यातनं, उलटं. आजीला उचलून माळ्यावर न्यायला लागलं होतं. तेव्हापासून डोक्यात होतं की नाल्यावर, ओढ्यावर कुणीतरी पातळी मोजायला पाहिजे. म्हणून हा प्रोजेक्ट घेतला.

एका डब्यात ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर, वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर, बॅटरी आणि छोटी सोलर प्लेट आहे. डबा ओढ्यावरच्या लहान पुलाच्या स्लॅबखाली लावला. दर दहा मिनिटांनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो आणि मोबाईलवर पाठवतो. मार्चच्या शेवटी सलग सहा दिवस चालवला, ८६४ रीडिंग आहेत. टायटल आहे 'आयओटी बेस्ड स्मार्ट फ्लड मॉनिटरिंग अँड अर्ली वॉर्निंग सिस्टिम फॉर कृष्णा रिव्हर'.

रिपोर्ट असा आहे: सुरुवातीची सर्टिफिकेट, अनुक्रमणिका वगैरे ८ पानं, इंट्रोडक्शन १४, लिटरेचर रिव्ह्यू २२, हार्डवेअर २५, सॉफ्टवेअर १२, रिझल्ट २, कन्क्लूजन १. गेल्या वर्षीच्या एका रिपोर्टची फाईल घेऊन त्यावरच बदल करत गेलो होतो, हे खरं आहे.

अजून एक. डबा सकाळी एकदम बरोबर दाखवतो. सकाळी ७ ला टेपनं २८० सेंमी, सेन्सर २८०. दुपारी ३ ला टेप २८०च, पण सेन्सर २७१. म्हणजे पाणी ९ सेंमी वर आल्यासारखं दाखवतो. सेन्सर साधा आहे म्हणून असेल. रिपोर्टमध्ये आम्ही फक्त सकाळची रीडिंग टाकलीत. दुपारची टाकली तर व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडचण होईल का?

मिरज जंक्शन

आधी डिपार्टमेंटकडनं फॉरमॅटचं पत्रक घे. मार्जिन, फाँट, सर्टिफिकेटचा मजकूर प्रत्येक कॉलेजचा वेगळा असतो, सीनिअरच्या फाईलवर विसंबू नको. दुसरं, वर्डमध्ये मथळे हातानं ठळक करू नका. हेडिंग १, हेडिंग २ या स्टाईल लावा, आकृत्यांना इन्सर्ट कॅप्शननं नंबर द्या. मग अनुक्रमणिका आणि आकृत्यांची यादी आपोआप तयार होते, आणि पानं इकडंतिकडं झाली तरी सगळं निवडून एफ९ दाबलं की नंबर सुधारतात. चौघांनी चार फाईलवर काम करून शेवटच्या रात्री जोडलं की सगळं मोडतं. आम्ही ते भोगलंय.

विश्रामबागच्या बाई

रात्रीचे साडेअकरा झालेत, पण तुझा शेवटचा परिच्छेद वाचून झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. मी पॉलिटेक्निकमध्ये २६ वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि परीक्षक म्हणून बऱ्याच कॉलेजांत गेले. तू "अजून एक" म्हणून जे लिहिलंयस, ते तुमच्या ८४ पानांतलं सगळ्यांत मोलाचं आहे, आणि नेमकं तेच रिपोर्टमध्ये नाही.

सेन्सर खराब नाही, बाळा. हा हिशेब कर. सेन्सर अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. आवाज पाण्यापर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागला, गुणिले ध्वनीचा वेग, भागिले दोन. तुमच्या कोडमध्ये वेग बहुधा ३४३ मीटर प्रति सेकंद असा कायमचा लिहिलेला असेल. हा वेग साधारण २० अंश सेल्सिअसचा आहे. हवा तापली की ध्वनी जोरात पळतो. वेग काढायचं सोपं सूत्र ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान. ३८ अंशाला तो ३५४.३ होतो. आता २८० गुणिले ३४३ भागिले ३५४.३ करून बघ. २७१ येतं.

तू दिलेला आकडा तोच आहे. मी तीनदा करून बघितलं. मार्चअखेरची सांगलीतली दुपार ३८ अंशांची असते आणि सकाळ २० च्या आसपास, म्हणून सकाळी टेप आणि सेन्सर जुळतात. तुमच्या डब्यानं सहा दिवस भौतिकशास्त्र बरोबर मोजलं आणि तुम्ही ती रीडिंग झाकून ठेवलीत.

हे मला लागलं, त्याला कारण आहे. १९८८ साली आमच्या ग्रुपनं उसाच्या रसाचं तापमान दाखवणारं यंत्र केलं होतं, थर्मोकपल वापरून. सकाळी लॅबमध्ये बरोबर दाखवायचं, दुपारी बारा-तेरा अंश कमी. आम्ही दुपारची पानं वहीतनं फाडून टाकली. रिपोर्ट टायपिंगच्या दुकानात कार्बन लावून तीन प्रतींत टाईप करून घेतला, आकृत्या ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेननं काढून अमोनिया प्रिंट केल्या. देखणा झाला होता. परीक्षकांनी पानं चाळली आणि एकच विचारलं, "खोलीचं तापमान वाढलं की तुमच्या यंत्राचं काय होतं?" थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानातला फरक दाखवतं. आमचं दुसरं टोक खोलीत होतं, खोली तापली की फरक कमी व्हायचा. उत्तर आमच्या फाडलेल्या पानांवर होतं आणि आम्ही तिघी गप्प उभ्या होतो. त्यांनी रिपोर्ट मिटला आणि म्हणाले, "पुढचा ग्रुप पाठवा." इतकी वर्षं झाली तरी तो मिटल्याचा आवाज माझ्या कानात आहे. तेव्हा दुपारची रीडिंग टाक. सगळी टाक.

आता मांडणी. इंट्रोडक्शनपासनं लिहायला बसू नका. पहिल्यांदा रिझल्ट लिहा. ८६४ रीडिंगचा एक आलेख काढा, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर सेन्सर आणि टेपमधला फरक सेंमीत. त्याच आलेखावर तापमानाची रेघ काढता आली तर परीक्षक तिथंच थांबतील. मार्चमध्ये तुम्ही तापमान नोंदवलं नसणार, म्हणून परत जा. डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर मिळतो, त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे, तो डब्याला जोडा. मात्र डब्याच्या आत ठेवू नका, आतली हवा जास्त तापते. सेन्सर आणि पाणी यांच्यामधल्या हवेत, सावलीत ठेवा. एक दिवस, सकाळी एक आणि दुपारी एक, टेपबरोबर मोजा. बारा दिवसांत एवढं सहज होतं.

त्यानंतर पद्धतीचं प्रकरण. इथं कसोटी अशी की पुढच्या बॅचच्या मुलांनी तुम्हाला फोन न करता तोच प्रयोग त्याच पुलाखाली करून दाखवता आला पाहिजे. टेप कुठल्या खुणेपासून लावली, स्लॅबच्या खालच्या कडेपासून की सेन्सरच्या तोंडापासून? पुलाच्या खांबावर रंगानं खूण केली का? एका नोंदीसाठी किती वेळा मोजलं आणि त्यातलं कुठलं घेतलं? पाच मोजून मधलं घेतलं असेल तर का, ते लिहा. पाण्यावर वाहत आलेली फांदी, खांबावरनं आलेला प्रतिध्वनी, असं काही झालं का? या सेन्सरचा झोत शंकूसारखा पसरतो. तुमच्या सेन्सरच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, किती अंश दिलाय ते बघा. १५ असेल तर तीन मीटरवर तो जवळजवळ ८० सेंमी रुंद होतो. ओढा अरुंद असेल तर काठ आड येतो. हे सगळं तुम्हाला माहीत असणार, कारण तुम्ही तिथं उभे होतात. पण २५ पानांच्या हार्डवेअर प्रकरणात त्यातलं एक वाक्यही नसणार, असं मला वाटतं. ईएसपी३२ चं डेटाशीट छापून कुणाचं भलं होत नाही. तो भाग दोन पानांत आणा. हाच सेन्सर का घेतला, किती अंतर मोजतो, किती वीज खातो, बॅटरी ढगाळ दिवशी किती तास टिकते. कोडचा एक फ्लोचार्ट आणि अंतर काढणाऱ्या दहा-पंधरा ओळी प्रकरणात ठेवा, बाकी कोड परिशिष्टात.

मग चर्चा, म्हणजे डिस्कशन. बहुतेक रिपोर्टमध्ये हे प्रकरण नसतंच, आणि तुमच्याकडं तर त्यासाठी सोनं आहे. नीट विचार करा. पूर मार्चमध्ये येत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये येतो. तेव्हा पावसात हवा २४-२५ अंशांची असते. त्या तापमानाला तुमची चूक २८० सेंमीला जेमतेम तीन सेंमी. म्हणजे तापमानाची दुरुस्ती उन्हाळ्यात मोठी आणि पुरात लहान. हे प्रामाणिकपणे लिहा. उलट दुसरी गोष्ट पुरात मोठी होते. वॉटरप्रूफ सेन्सरला २०-२५ सेंमीच्या आतलं दिसत नाही. पाणी स्लॅबला टेकायला आलं की, म्हणजे तुझ्या आजीला उचलायची वेळ आली की, तुमचा डबा आंधळा होतो. त्यावर उपाय काय? डबा वर बसवायचा, की त्या अंतराच्या आधीच धोक्याचा निरोप पाठवायचा? तुम्ही चौघांनी बसून ठरवा. यावर लिहिलेली दोन पानं बाकी सगळ्यावर भारी पडतील.

टायटल बदला, हे मात्र माझं ठाम मत आहे. कृष्णेचं ५७ फूट म्हणजे जवळजवळ साडेसतरा मीटर. तुमचा सेन्सर चार-साडेचार मीटरपर्यंतचा. कृष्णा नदी तुमच्या टायटलमध्ये असली की परीक्षक पहिल्याच मिनिटाला तिथं बोट ठेवणार. 'पुलाखालच्या ओढ्याची पाणीपातळी मोजणारी, तापमानानुसार दुरुस्ती करणारी अल्ट्रासॉनिक यंत्रणा' एवढंच इंग्रजीत लिहा. सिनॉप्सिस आधीच्या नावानं मंजूर झाला असेल तर गाईड सरांना विचारून बदला.

इंट्रोडक्शन यानंतर. पृथ्वीवर पाणी किती टक्के आहे ते काढून टाका. तू इथं जे लिहिलंस, आयर्विन पुलाचे आकडे आणि नाल्यातनं उलटं आलेलं पाणी, त्यानंच सुरू कर. नदीची पातळी मोजली जाते, नाल्याची मोजली जात नाही, म्हणून हा प्रोजेक्ट. तीन पानं पुरेत. सगळ्यांत शेवटी अ‍ॅबस्ट्रॅक्ट, एका पानाच्या आत: अडचण काय, केलं काय, आकडे काय आले, मर्यादा काय. आकडा नसलेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट मी वाचून बाजूला ठेवायचे.

गावभागकर

मॅडम, तुमचं उत्तर ग्रुपमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. कोड उघडलं तर खरंच ३४३ लिहिलेलं होतं, आम्ही ते नेटवरनं जसंच्या तसं उचललं होतं.

रविवारी परत गेलो. तापमानाचा सेन्सर स्लॅबखाली सावलीत बांधला. सकाळी ७ ला २१ अंश, टेप २७६, सेन्सर २७५. दुपारी अडीचला ३९ अंश, टेप २७६, सेन्सर २६८. दुरुस्ती लावली की सकाळचं २७६ आणि दुपारचं २७७ येतंय. आमच्यातला एकजण पाण्यात उभा राहून ओरडला एकदम.

दोन शंका आहेत. लिटरेचर रिव्ह्यूचं काय करू? २२ पेपरचे २२ परिच्छेद आहेत, आणि सिमिलॅरिटी (दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा भाग) सगळ्यांत जास्त तिथंच येतीय. आणि दुसरी, आम्ही चौघंही मराठी माध्यमातले. स्वतःच्या मनानं इंग्रजी लिहायला भीती वाटते, म्हणूनच कॉपी होतं.

विश्रामबागच्या बाई

दुरुस्तीनंतर एका सेंमीत आलात! हे वाचून मला किती आनंद झाला ते लिहून सांगता येत नाही. दोन्ही वेळची रीडिंग कच्ची आणि दुरुस्त, शेजारी शेजारी एका तक्त्यात द्या.

रिव्ह्यूचे २२ परिच्छेद म्हणजे "अमक्यानं हे केलं, तमक्यानं ते केलं" अशी रांग असणार. खरंच वाचलेले सात-आठ पेपर ठेवा. त्यांचा एक तक्ता करा: कुठला सेन्सर, किती अंतरापर्यंत, उघड्यावर किती दिवस चालवला, तापमानाची दुरुस्ती केली की नाही. तक्ता भरताना तुम्हालाच दिसेल की कुठले रकाने रिकामे राहतात. त्या रिकाम्या रकान्यांबद्दल दोन पानं लिहा. तक्ता तुमचा, निष्कर्ष तुमचा, मग सिमिलॅरिटी येईल कुठनं? संदर्भांचे नंबर मजकुरात ज्या क्रमानं येतात त्या क्रमानं, चौकोनी कंसात. यादीत असलेला प्रत्येक नंबर मजकुरात कुठंतरी आलाच पाहिजे. हे तपासायला बसलं की अर्धे रिपोर्ट उघडे पडतात.

इंग्रजीचं. मीही तासगावच्या मराठी शाळेत शिकले, ही भीती मला ओळखीची आहे. असं करा. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि एकानं दुसऱ्याला मराठीत सांगायचं, "आपण रविवारी काय केलं?" आईला सांगतो तसं. मग ते ऐकून एकेक वाक्य इंग्रजीत उतरवा. एका वाक्यात एकच गोष्ट. सेन्सर स्लॅबखाली बसवला. अंतर टेपनं मोजलं. फरक ८ सेंमी आला. एवढ्या साध्या वाक्यांना इंग्रजी नववीचं पुरतं. केलेल्या कामाला भूतकाळ, आकृतीत जे दिसतंय त्याला वर्तमानकाळ. व्याकरणाची एखादी चूक परीक्षक सोडून देतात. पण वाक्य एका पानावर साधं आणि पुढच्या पानावर परदेशी जर्नलसारखं झालं की ते लगेच विचारतात, "हे कुणी लिहिलं?"

चौघांनी प्रकरणं वाटून घेतली असतील तर शेवटी एकानं सगळं सलग वाचायचंच. एकाच गोष्टीला कुठं 'नोड', कुठं 'डिव्हाइस', कुठं 'सिस्टिम' म्हटलेलं असतं. एक शब्द ठरवा आणि तोच शेवटपर्यंत ठेवा.

कॉलेज कॉर्नर झेरॉक्स

बाई छान सांगत आहेत. मी छपाई-बाइंडिंगचं तेवढं सांगतो. पीडीएफ करून आणा, वर्डची फाईल आमच्या मशीनवर उघडली की फाँट हलतात आणि अनुक्रमणिका चुकते. डाव्या बाजूला बाइंडिंगची जागा सोडा, नाहीतर अक्षरं शिलाईत जातात. आलेखाच्या रेघा नुसत्या रंगानं वेगळ्या करू नका, काळ्या-पांढऱ्या प्रतीत लाल आणि निळी सारखीच दिसते. एक तुटक काढा, एक सलग. रंगीत पानांचे नंबर कागदावर लिहून आणा. सर्टिफिकेटवर सह्या बाइंडिंगच्या आधी घ्या, दरवर्षी कुणीतरी बांधलेलं पुस्तक घेऊन सरांच्या मागं पळत असतं. हार्ड बाइंडिंगचा गोंद सुकायला रात्र लागते आणि सोनेरी अक्षरं त्यानंतर. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी येऊन आजच पाहिजे म्हटलं तर मला नाही म्हणायला वाईट वाटतं. आणि गठ्ठा टाकायच्या आधी एक साधी प्रत काढून गाईडना दाखवा.

गावभागकर

साधी प्रत आज सरांना दिली. ४६ पानं झाली. टायटल बदलायला सरांनी होकार दिला. आंधळ्या अंतराचं आम्ही असं ठरवलं की पाणी सेन्सरपासून ६० सेंमीवर आलं की पहिला निरोप, ४० वर दुसरा, आणि त्यानंतर रीडिंग आलं नाही तरी धोका कायम समजायचा. सेन्सर गप्प झाला म्हणजे पाणी उतरलं असं मोबाईलनं दाखवायचं नाही. आधीच्या कोडमध्ये तसंच दाखवत होता, हे परवाच लक्षात आलं. बादलीत पाणी भरत नेऊन ते तपासलं, त्याचाही तक्ता टाकलाय.

इंट्रोडक्शनचा पहिला परिच्छेद मराठीत असा होतो, मॅडम, बघा: "सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजली जाते. तिथं ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या घरात ते नाल्याच्या बाजूनं शिरलं. त्या नाल्याची पातळी मोजणारं तिथं काही नव्हतं."

रिझल्टच्या पानांचे फोटोही खाली जोडलेत.

विश्रामबागच्या बाई

परिच्छेद आहे तसाच ठेव, एक शब्दही हलवू नको. तक्ता ५.२ मध्ये तापमानाच्या रकान्याला एकक राहिलंय, आणि रविवारची तारीख टाक. बादलीच्या प्रयोगात पाणी किती सेंमीच्या टप्प्यानं वाढवलं तेही लिही. व्हायवा झाला की इथं येऊन सांग.